एक जून

ग्रामपंचायतीत मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरताना
सत्यवानाने विचारलं, बाईंची जन्मतारीख?
मी सेवापुस्तकाची झेरॉक्स
काउंटरवरून सरकवली.
एक जून.
तो हसला नाही. मीही नाही.
ही तारीख कुणाची असते हे दोघांनाही ठाऊक होतं:
जिची कुणी विचारलीच नाही, तिची.

वाघोटनच्या खाडीपलीकडे तरीतून उतरून,
चपला हातात घेऊन चिखल तुडवत
ती पहिल्यांदा त्या शाळेत पोचली तेव्हा
जनरल रजिस्टरात अख्खी वाडी
एकाच दिवशी जन्मलेली होती.
शाळा जूनमध्ये उघडते, पोरं जूनमध्ये सहाची होतात,
आधीच्या मास्तरांचा सोपा हिशेब.
ती म्हणाली, सगळी काय एकाच जाळ्यात गावली?

मग संध्याकाळी खळ्याखळ्यात बसून
ती तारखा शोधायची.

पार्वती कुबल म्हणाली,
बाये, म्हाका तारीख खय ठावक?
रापणीक सौंदाळे गावले ना खंडीभर, त्या राती.
ती रापण संघाची वही उघडून बसली,
आणि सौंदाळ्यांच्या विक्रीखाली
तिला एक मुलगी सापडली.

यासीनच्या आईला आठवत होती संदलची मिरवणूक
दारावरून जाताना. चंद्राचं जुनं कॅलेंडर
मशिदीतून मागून आणलं, दिवा मोठा करून
दोन वर्षं मागे मोजत गेली.

भिवाची आजी एवढंच बोलली:
पाणी भांगाचा होता,
सुईणीची होडी गाळात रुतली.
भांग म्हणजे अष्टमी, नवमी.
तेवढं पुरलं तिला.

सत्यवानाची बारा फेब्रुवारी,
लाँच बंद पडून सगळे धक्क्यावर झोपले, त्या रात्रीची.
आता तीच तारीख घेऊन तो पुढच्या वर्षी निवृत्त होणार.

माझी तिला मिनिटासकट पाठ होती.
तरी वर्गात मी तोरसकर, ती बाई.
परतताना तरीत ती नेमकी कुठे आई व्हायची
हे मला ठाऊक होतं:
खडकावरची काठी मागे पडली
की पाय लांब सोडून विचारायची, भूक लागली?
काठीच्या अलीकडे
मी एकदाच आई म्हटलं होतं.
तिने ऐकलं नाही. किंवा ऐकलं.

दिवसकार्याला माणसं आली ती
नावं सांगत नव्हती, तारखा सांगत होती.
मी अठरा जानेवारी, बाईंनी काढलेली.
कुवेतहून यासीनचा फोन:
पासपोर्टावर नाव बापाने ठेवलेलं,
तारीख बाईंची.

मी गिर्ये गाठलं. मावशीला आता ऐकू कमी येतं.
कानाशी ओरडून विचारलं, आई झाली तो दिवस कुठला?
काजूची बोंडं पडत होती, ती म्हणाली,
आवशीक कळो सुरू झाल्यो,
आणि पाणी काय धड चढा नाय, धड उतरा नाय.
चंद्र कधी उगवलेला, संध्याकाळी की पहाटे?
चंद्राकडे बघूक कोणाक येळ होतो रे.

त्या सालचं पंचांग मिळवून
तिच्यासारखाच बसलो, दिवा मोठा करून.
काजूचे महिने. भांगाचं पाणी.
बाकी सगळं खोडत गेलो,
तरी दोन अष्टम्या उरल्या,
एक शुद्ध, एक वद्य.

फॉर्मवर सत्यवानाने एक जूनच लिहिलं.
वहीत आहे ते घालावं लागतं, म्हणाला,
आणि उगाच पेनाचं टोपण
लावत-काढत राहिला.

बाई, गणित इथपर्यंत आलंय.
दोन तारखा, मध्ये पंधरा दिवस.
तू असतीस तर अजून एका खळ्यात गेली असतीस,
कुणा म्हातारीला हळूच विचारलं असतंस
त्या दिवशी जेवायला काय होतं.

मला आता कुणी उरलेलं नाही विचारायला.
काल तरीतून येताना काठी मागे पडली.
मी पाय लांब सोडले.